ब्रिटनमधल्या आश्रयार्थींना मदत करायची आहे? मराठी मंडळींकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका मदत केंद्रात मी स्वयंसेविका आहे. आठवड्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये टेबलं मांडायची, चहा ठेवायचा आणि येईल त्याच्या कागदपत्रांचा गुंता सोडवायला बसायचं, असं ते काम. गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, मुलांच्या मराठी शाळेच्या दाराशी मंडळी याबद्दल विचारतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून त्यांची उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. नियम २०२५ च्या अखेरीस होते तसे दिले आहेत. ते भराभर बदलतात, तेव्हा कुणाला काही सांगण्याआधी सरकारी संकेतस्थळावर किंवा जाणत्या संस्थेकडे खात्री करून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगते. लोकांची सहानुभूती अर्जाचा निकाल लागेपर्यंत टिकते. निकाल बाजूने लागला की सगळ्यांना वाटतं, सुटला बिचारा. प्रत्यक्षात सगळ्यात कठीण दिवस तिथून सुरू होतात, आणि नेमका तेव्हाच शेजारी बसायला कुणी नसतं. या पानाचा मोठा भाग त्या दिवसांबद्दल आहे.

आश्रयार्थी आणि निर्वासित यांत फरक काय?

मायदेशी वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट समाजगटातलं असणं यांमुळे छळ होईल या भीतीने जो दुसऱ्या देशात संरक्षण मागतो आणि ज्याच्या अर्जाचा निकाल अजून लागायचा आहे, तो आश्रयार्थी. अर्ज मंजूर झाला की तो कायद्याने निर्वासित ठरतो. ही व्याख्या १९५१ च्या निर्वासित करारातली आहे. ब्रिटनने त्यावर सही केली आहे, भारताने केलेली नाही. युक्रेन आणि हाँगकाँगच्या लोकांसाठी इथे वेगळ्या व्हिसा योजना आहेत, त्यांचे नियमही वेगळे. त्यांच्याबद्दल इथे लिहिलेलं नाही.

पण हे लोक बेकायदा बोटींतून येतात ना? त्यांना मदत करणं बरोबर आहे का?

हा प्रश्न जरा आवाज खाली आणून विचारला जातो, पण विचारतात जवळजवळ सगळेच.

ब्रिटनमध्ये आश्रय मागायला इथल्या भूमीवर असावं लागतं. आश्रयासाठी असा व्हिसा नसतो. काही ठरावीक लोकांना सरकार स्वतःहून आणतं, पण त्या योजना फार छोट्या आहेत. बाकीचे जमेल त्या मार्गाने येतात. काही जण छोट्या बोटींतून खाडी ओलांडतात, तर काही जण आपल्यासारखेच विमानाने, विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर येतात आणि नंतर मायदेशातली परिस्थिती अशी पालटते की परत जाणं शक्य राहत नाही. २०२२ च्या कायद्याने परवानगीशिवाय येणं हा गुन्हा ठरवला आहे, हे खरं. तरी आश्रय मागणं हा गुन्हा नाही. धोक्यातून थेट आलेल्या आणि विनाविलंब अधिकाऱ्यांसमोर हजर झालेल्या माणसाला नुसत्या बेकायदा प्रवेशासाठी शिक्षा करू नये, असं १९५१ च्या करारातच लिहिलं आहे.

कोण खरा, कोण खोटा हे होम ऑफिस (इथलं गृहखातं) आणि न्यायाधिकरण ठरवतात. ते काम आपलं नाही, आणि ते आपल्याला जमणारही नाही. समोरच्याच्या हातात चहाचा कप द्यायला त्याच्या खटल्याचा निकाल माहीत असावा लागत नाही.

याच्याच जोडीला आणखी एक वाक्य येतं: "आम्ही एवढी व्हिसाची फी, एवढा एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) सरचार्ज भरून आलो." ती बोच खरी आहे आणि तिला मी हसण्यावारी नेत नाही. फक्त एवढं बघा. आई आजारी पडली तर आपण तिकीट काढून दुसऱ्या दिवशी पुण्याला पोचतो. यांच्यातल्या कितीतरी जणांनी आई गेल्याची बातमी व्हॉट्सॲपवर ऐकलेली असते, आणि मातीला जाता येत नाही.

सरकार त्यांना घर आणि पैसे देतं, मग संस्थांची गरज काय?

ज्याच्याकडे काहीच नाही अशा आश्रयार्थीला सरकार राहायला जागा देतं, पण गाव किंवा घर निवडण्याची मुभा नसते. खर्चासाठी एका कार्डावर आठवड्याला माणशी ४९.१८ पौंड जमा होतात, म्हणजे दिवसाला सात पौंडांच्या आसपास. जेवण देणाऱ्या हॉटेलात ठेवलं असेल तर ही रक्कम आठवड्याला दहा पौंडांहूनही कमी असते. मुलांना शाळा आणि सगळ्यांना एनएचएसचे उपचार मोफत मिळतात.

आता बसचा हिशोब करा. इंग्लंडमध्ये एका बाजूच्या बसभाड्याची कमाल मर्यादा २०२५ पासून तीन पौंड आहे. वकिलाकडे जाऊन यायचं तर सहा पौंड लागू शकतात. हॉटेलात राहणाऱ्याचा आठवडा तिथेच संपला. मग दाताच्या डॉक्टरकडे जायचं की मुलाच्या शाळेच्या सहलीचे पैसे भरायचे, हे ठरवत बसायचं. म्हणून आमच्यासारख्या केंद्रांचा बराच खर्च बसच्या तिकिटांवर होतो. लंडनमध्ये २०१३ पासून चालणारा 'द बाइक प्रोजेक्ट' जुन्या सायकली दुरुस्त करून देतो, तो याच कारणासाठी.

जेवण मिळणं आणि जेवण गळ्याखाली उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथे कळलं. हॉटेलात चूल पेटवायची परवानगी नसते. महिन्यातून एकदा आम्ही एका कम्युनिटी किचनची जागा घेतो आणि ज्यांना स्वयंपाक करायचा त्यांना करू देतो. एका इरिट्रियन बाईंनी पहिल्यांदा तिथे कांदा परतायला घेतला तेव्हा तासभर त्या कुणाला डावाला हात लावू देईनात. तीस माणसांचं झिग्नी (त्यांच्याकडचा तिखट रस्सा) त्यांनी एकटीने केलं, आणि वाढताना प्रत्येकाला 'पुरलं का' म्हणून विचारत होत्या. इतके महिने त्या फक्त दुसऱ्याने वाढलेलं घेत होत्या.

मग ते काम का करत नाहीत?

कारण परवानगी नसते. अर्जाला १२ महिने उलटले आणि उशीर त्यांच्यामुळे झालेला नसेल, तर परवानगी मागता येते. ती मिळाली तरी सरकारने ठरवलेल्या यादीतलीच कामं करता येतात. धर्मादाय संस्थेत स्वयंसेवक म्हणून मात्र काम करता येतं. आमच्या केंद्रात चहाच्या टेबलामागे उभी असलेली निम्मी माणसं स्वतः आश्रयार्थी आहेत. मायदेशी शिक्षक, सर्व्हेयर, शिंपी असलेली ही माणसं रिकामं बसून खचतात, ते बघवत नाही.

इंग्रजीच्या सरकारी खर्चाच्या वर्गांनाही इंग्लंडमध्ये साधारण सहा महिने थांबावं लागतं. त्या सहा महिन्यांत स्वयंसेवकांनी चालवलेले गप्पांचे वर्ग हाच आधार. "आमचे उच्चार कुठे इंग्रजांसारखे आहेत," असं म्हणून आपली मंडळी मागे सरतात. सरू नका. परक्या भाषेत चुकतमाकत बोलण्याचा अनुभव असलेला शिक्षक नवख्याला जास्त धीर देतो.

अर्ज मंजूर झाला की प्रश्न मिटला ना?

नाही. इथे नीट लक्ष द्या, कारण सगळ्यात जास्त मदत इथे हवी असते.

मंजुरीचं पत्र येतं आणि त्याच्या मागोमाग दुसरं येतं: सरकारी जागा सोडा, आठवड्याचे पैसे बंद. त्यासाठी कितीतरी वर्षं २८ दिवसांची मुदत होती. डिसेंबर २०२४ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ती ५६ दिवस केली. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक एकट्या प्रौढांसाठी ती पुन्हा २८ वर आणली.

या चार आठवड्यांत काय काय करायचं ते पाहा. बीआरपी नावाचं प्लास्टिकचं ओळखपत्र आता मिळत नाही, त्याच्या जागी ई-व्हिसा आहे. म्हणजे ऑनलाइन खातं उघडायचं आणि त्यात आपला दर्जा दिसतोय, नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे, हे तपासायचं. त्या खात्यातून एक कोड काढून घरमालकाला आणि नोकरी देणाऱ्याला द्यायचा. हा कोड ९० दिवस चालतो. खातं ज्या फोन नंबरशी किंवा ईमेलशी जोडलेलं असतं तो नंबर हरवला, तर आपलीच ओळख दाखवणं अवघड होऊन बसतं. मग युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा, अर्ज करायचा. त्याचा पहिला हप्ता यायला साधारण पाच आठवडे लागतात, म्हणजे जुने पैसे थांबतात चार आठवड्यांत आणि नवे येतात त्यानंतर. मधल्या काळासाठी आगाऊ रक्कम मिळते, पण ती पुढच्या हप्त्यांतून कापली जाते. बँकेत खातं हवं. आणि घर हवं.

घराचं गणित तर जमतच नाही. २०१७ च्या कायद्यानुसार पुढच्या ५६ दिवसांत बेघर होण्याची वेळ आलेल्या माणसाला इंग्लंडमधल्या कौन्सिलने (स्थानिक नगरपालिकेने) मदत सुरू करायची असते. कायदा ५६ दिवस धरून चालतो आणि नोटीस मिळते २८ दिवसांची. त्यातही मुलं असलेलं कुटुंब, गरोदर स्त्री, आजारी माणूस यांना अग्रक्रम. पंचविशीतला धडधाकट मुलगा त्या यादीत बसत नाही. खासगी घर घ्यायचं तर घरमालक अनामत मागतो, जामीनदार मागतो, पगाराच्या पावत्या मागतो. ज्याला कालपर्यंत काम करायलाच मनाई होती, त्याच्याकडे पगाराची पावती कुठून येणार? वर पस्तिशीच्या आतल्या एकट्या माणसाला भाड्यासाठी साधारणपणे सामायिक घरातल्या एका खोलीपुरतीच मदत मिळते.

त्यामुळे आश्रय मिळाल्याच्या आनंदात असलेली माणसं महिनाभरात मित्राच्या सोफ्यावर किंवा रस्त्यावर दिसतात. या मधल्या दरीवर फळी टाकायचं काम संस्था करतात: अनामतीसाठी मदत, काही रात्रींचा निवारा, कौन्सिलच्या कार्यालयात सोबत. होम ऑफिसकडूनही निर्वासितांना बिनव्याजी कर्ज मिळू शकतं, पण त्याची माहितीच अनेकांना नसते.

त्या दिवसांत मी नेमकं काय करू शकेन? मला तर काहीच येत नाही.

तुम्हाला इंग्रजी पत्र वाचता येतं आणि फोनवर तास काढता येतो, एवढं पुरेसं आहे.

खरंच सांगते. परवा एका सुदानी मुलाबरोबर बसले होते. बँकेने त्याचं खातं उघडायला नकार दिला होता, कारण पत्त्याचा पुरावा म्हणून दिलेल्या कागदावर नाव एका क्रमाने होतं आणि ई-व्हिसावर दुसऱ्या. फोन स्पीकरवर ठेवला. ४० मिनिटं तीच धून वाजत होती. मी त्याला फॉर्ममधल्या 'फोरनेम' आणि 'सरनेम'चा फरक दाखवला, त्याने मला त्याच्याकडे वडिलांचं, आजोबांचं नाव कसं पुढे लागतं ते सांगितलं. शेवटी बाई फोनवर आल्या तेव्हा तो स्वतः बोलला. मी फक्त अडला तिथे शब्द पुरवला. ही साधी गोष्ट एकट्याने करायची तर फोनवरचे ४० मिनिटांचे पैसे जातात, धीर जातो आणि बहुतेक वेळा फोन कट होतो.

अशी कामं भरपूर आहेत. डॉक्टरकडे नाव नोंदवणं, शाळेचा प्रवेश, विजेचं बिल समजावून देणं, पहिल्या घरात कुकर, अंथरूण आणि पडदे जमवणं. दर आठवड्याला दोन तास नेमाने देणारा माणूस आम्हाला वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम करणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

त्यांच्या अर्जाबद्दल मी सल्ला देऊ का? माझ्या व्हिसाचे सगळे कागद मीच केले होते.

अजिबात नको. अधिकृत नोंदणीशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं इथे फौजदारी गुन्हा आहे, पैसे घेतले नाहीत तरी. "मुलाखतीत असं सांग," "हे लिहू नकोस," हासुद्धा सल्लाच. तुमच्या चांगुलपणाने त्याचा खटला बिघडू शकतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये आश्रयाच्या खटल्यासाठी सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. असे वकील कमी आहेत, म्हणून फोन करत राहून तो शोधून देणं हीच मोठी मदत. सल्लागार नोंदणीकृत आहे का, हे इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीच्या यादीत पाहता येतं. राहणं, पैसे, अर्जाची प्रक्रिया यांबद्दल मायग्रंट हेल्प या संस्थेची हेल्पलाइन आहे, तिथे दुभाषाही मिळतो.

मला हिंदी येतं. त्याचा उपयोग होईल का?

होतो, आणि तुम्हाला वाटतं त्याहून जास्त. पाकिस्तानात निर्वासित म्हणून वाढलेले अनेक अफगाण उर्दू बोलतात, आणि काबूलचे कितीतरी तरुण हिंदी सिनेमांवर वाढलेत. चहाच्या टेबलावर हिंदीत दोन शब्द बोललात की चेहरा खुलतो. मात्र दवाखान्यात आणि वकिलाकडे व्यावसायिक दुभाषाच हवा. तो मागण्याचा त्यांना हक्क आहे. तिथे आपण मध्ये पडायचं नाही. एखाद्या बाईला डॉक्टरला जे सांगायचं असेल, ते मंडळाच्या कार्यक्रमात उद्या भेटू शकणाऱ्या माणसाच्या तोंडून जावं असं तिला वाटणार नाही.

त्यांच्यावर काय गुदरलं, ते विचारावं का? बोललं की मन हलकं होतं म्हणतात.

विचारू नका. त्यांनी ते होम ऑफिसला सांगितलेलं असतं, वकिलाला, डॉक्टरला सांगितलेलं असतं, आणि प्रत्येक वेळी तारखा जुळतात का ते तपासलं गेलेलं असतं. तुमच्यासमोर त्यांना दोन तास दुसरं कुणीतरी होऊ द्या. फुटबॉलबद्दल बोला, भाजीच्या भावाबद्दल बोला. स्वतःहून सांगितलं तर ऐका, मध्ये उपाय सुचवू नका, आणि ते बाहेर नेऊ नका.

आपली एक सवय इथे आवर्जून सोडावी लागते. नवा माणूस भेटला की आपण लगेच विचारतो, गाव कुठलं, आडनाव काय, ओळखीचं कोण आहे का. आपल्याकडे ती आपुलकी असते. आश्रय मागणाऱ्याला ती चौकशी वाटते. भारतातून आणि शेजारच्या देशांतून आलेलेही यांत असतात. आपल्यासारखा चेहरा समोर दिसला की बातमी घरी पोचेल या धास्तीने ते दचकतात. त्यांनी दिलेल्या नावाने हाक मारा, पुढे जाऊ नका. फोटो तर नाहीच, पाठमोराही नाही.

छळ सोसलेल्यांसाठी 'फ्रीडम फ्रॉम टॉर्चर' ही संस्था आहे. १९८५ मध्ये हेलन बॅम्बर यांनी ती वेगळ्या नावाने सुरू केली. १९४५ मध्ये ऐन विशीत त्या बर्गन-बेल्सनच्या छळछावणीतून वाचलेल्यांमध्ये काम करायला गेल्या होत्या. अशा जखमांवरचे उपचार म्हणजे वर्षानुवर्षांचं तज्ज्ञांचं काम. आपण तिथपर्यंत वाट दाखवावी.

घरातले जुने कपडे आणून देऊ का?

आधी विचारा, मग आणा. बहुतेक केंद्रांकडे साठवायला जागा नसते. हवं असतं ते साधारण असं: पुरुषांचे लहान आणि मध्यम मापाचे हिवाळी कोट, चांगल्या स्थितीतले बूट, कोरे मोजे आणि अंतर्वस्त्रं, पाठीवरच्या सॅक, मुलांचे शाळेचे गणवेश. चालू अवस्थेतला जुना स्मार्टफोन सोन्यासारखा, कारण ई-व्हिसा, बँक आणि दवाखाना सगळं त्याच्यावर चालतं. त्यातला तुमचा डेटा पुसून द्या.

पैसे द्यायचे तर कुणाला?

थेट माणसाच्या हातात नको. त्यातून देणारा आणि घेणारा दोघंही अवघडतात आणि सरकारी मदतीच्या हिशोबातही अडचण येऊ शकते. देशपातळीवर रेफ्युजी कौन्सिल, ब्रिटिश रेड क्रॉस, रेफ्युजी ॲक्शन या जुन्या संस्था आहेत. नाकारलेल्या आणि बेघर झालेल्यांना निवारा देणाऱ्या स्थानिक संस्थांचं 'नॅकॉम' नावाचं जाळं आहे. २००५ मध्ये शेफिल्डमध्ये सुरू झालेल्या 'सिटी ऑफ सँक्च्युअरी' चळवळीचे गट आता अनेक शहरांत आहेत. माझं मत विचाराल तर थोडं गावातल्या छोट्या संस्थेला द्या. तिथे २०० पौंडांत एखाद्याच्या खोलीचा मार्ग मोकळा होतो. चॅरिटी कमिशनच्या नोंदणीत संस्थेचे हिशोब बघता येतात. तुम्ही इथे आयकर भरत असाल तर गिफ्ट एडच्या खुणेवर टिक करा, म्हणजे प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स जास्त मिळतात.

आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. कुणाला ठेवून घेता येईल का?

येईल, पण संस्थेमार्फतच. 'रेफ्युजीज ॲट होम' ही संस्था यजमान आणि पाहुणा यांची गाठ घालून देते. त्यांचं माणूस आधी घर पाहून जातं, तुमच्या अपेक्षा विचारतं, आणि मुक्काम काही रात्रींपासून काही महिन्यांपर्यंत ठरतो. भाड्याचं घर असेल तर मालकाला, कर्ज असेल तर बँकेला आणि दोन्ही बाबतींत विमा कंपनीला कळवा. शाकाहारी स्वयंपाकघर, देवघर, रात्री किती वाजता दार बंद होतं, हे सगळं पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोलून घ्या. संकोचाने गप्प राहिलं की कुरबुर वाढते.

१८ वर्षांखालची, एकटी आलेली मुलं मात्र कौन्सिलच्या ताब्यात असतात. त्यांच्यासाठी रीतसर प्रशिक्षण आणि मंजुरी घेऊन फॉस्टर पालक व्हावं लागतं.

मी डॉक्टर आहे / आयटीत आहे. माझ्या अनुभवाचा काही फायदा?

इथे आपल्या मंडळींनी खूप करण्यासारखं आहे. आपल्यातले कितीतरी डॉक्टर प्लॅब (परदेशी डॉक्टरांसाठीची इथली परीक्षा) देऊन, आधी इंग्रजीची परीक्षा, मग बिनपगारी निरीक्षण, मग पहिली नोकरी, या वाटेने आले. निर्वासित डॉक्टरला तीच वाट चालायची असते, फक्त पाठीशी बचत नसते, काही वेळा पदवीची मूळ प्रतही नसते आणि मध्ये पाच-सात वर्षांचा खंड असतो. सॅलफर्डमध्ये 'रीच नॉर्थ वेस्ट' निर्वासित आरोग्यसेवकांना यासाठी तयार करते. परीक्षा आणि नोंदणीच्या खर्चासाठी 'रेफ्युएड' बिनव्याजी कर्ज देते. प्राध्यापक आणि संशोधकांसाठी 'कारा' आहे. नाझी राजवटीतून हाकललेल्या विद्वानांसाठी १९३३ मध्ये ती स्थापन झाली.

तुम्ही एखाद्याचा सीव्ही इथल्या पद्धतीचा करून द्या, मुलाखतीची तालीम घ्या, प्लॅबची पुस्तकं द्या, आपल्या विभागात दोन आठवडे निरीक्षणाला घ्यायची शिफारस करा. ओळखीच्या आधाराने आपण सगळेच पुढे आलो. यांच्याकडे ओळखच नसते.

त्यांची बायकामुलं नंतर येतात ना?

पूर्वी निर्वासिताला जोडीदार आणि १८ वर्षांखालच्या मुलांना विनाशुल्क बोलावता येई. ४ सप्टेंबर २०२५ पासून त्या मार्गाचे नवे अर्ज घेणं सरकारने थांबवलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये संरक्षणाची मुदत पाच वर्षांवरून अडीच वर्षांवर आणण्याचाही प्रस्ताव जाहीर झाला. कुणी तुम्हाला "माझी बायको कधी येईल" असं विचारलं तर "येईल हो" म्हणून धीर देऊ नका. वकिलाकडे पाठवा.

अर्ज नाकारला गेला तर?

बहुतेकांना न्यायाधिकरणात अपील करता येतं आणि कित्येक निर्णय तिथे बदलतात. अपीलही संपलं आणि परत जाणंही अशक्य असलं, तर माणूस अधांतरी लटकतो: काम नाही, मदत नाही, घर नाही. ठरावीक अटींवर थोडी सरकारी मदत मिळते, बाकी सगळा भार संस्थांवर. अशा माणसाशी आपलं वागणं काडीनेही बदलू नये.

मी स्वतःच व्हिसावर आहे. स्वयंसेवा केलेली चालते का?

स्किल्ड वर्कर व्हिसावर चालते. विद्यार्थी व्हिसावरही चालते, पण ठरलेले तास आणि ठरलेली जबाबदारी असलेलं बिनपगारी काम तुमच्या आठवड्याच्या तासांच्या मर्यादेत धरलं जाऊ शकतं. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारून घ्या.

या सगळ्याशी मराठी माणसाचा काय संबंध?

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा संबंध आहे. सोव्हिएत राजवटीने पोलंडमधून सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलेली माणसं इराणमार्गे भारतात आली, आणि १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बाया आणि मुलं. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. युद्ध संपल्यावर त्यांतले बरेच जण ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झाले. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या त्या छावणीचं स्मारक आहे. म्हणजे आपल्या मातीत वाढलेली निर्वासित मुलं याच देशात म्हातारी झाली. १९७२ मध्ये युगांडातून हाकललेल्या आशियाई लोकांपैकी सुमारे २८ हजार ब्रिटनला आले, त्यांत गोव्याचीही कुटुंबं होती. विमानतळावर आणि छावण्यांत कोट आणि ब्लँकेटं घेऊन स्वयंसेवक उभे होते. त्या कुटुंबांची नातवंडं आज तुमच्या ऑफिसात, तुमच्या दवाखान्यात आहेत.

सुरुवात कशी करू? आणि पुढे जमलं नाही तर?

आपल्या शहराचं नाव आणि 'रेफ्युजी व्हॉलंटियरिंग' असं शोधा, किंवा जूनमधल्या रेफ्युजी वीकच्या एखाद्या कार्यक्रमाला जा. २० जूनच्या जागतिक निर्वासित दिनाच्या सुमारास तो असतो. संस्था तुमच्याकडून दोन शिफारसी मागेल, कामाच्या स्वरूपाप्रमाणे डीबीएस तपासणी (गुन्ह्यांची नोंद आहे का ते पाहणं) करेल आणि थोडं प्रशिक्षण देईल. त्यात काही आठवडे जातात. तेवढ्या काळात उत्साह मावळतो असा अनुभव आहे, म्हणून एखाद्या मित्राला सोबत घेऊन नाव नोंदवा.

आणि जमलं नाही, तर समन्वयकाला स्पष्ट सांगा. बाळ झालं, नोकरी बदलली, मनाला झेपेना, यांतलं काहीही कारण चालतं. फक्त न सांगता गायब होऊ नका. ज्यांच्याबरोबर बसत होता त्यांना समोर भेटून सांगा की पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही, माझ्या जागी या ताई असतील. त्या ताईंना त्याच दिवशी सोबत घेऊन जा, चालू असलेले अर्ज, पुढच्या तारखा आणि कुणाला कुठल्या नावाने हाक मारायची ते सगळं त्यांच्या हाती द्या.